नदीच्या या काठावरचं लग्न

हॉलम, आयोवा
९ फेब्रुवारी १९९४

आर्डिस,

फोनवर तू गप्प बसतेस आणि मी ओरडते. त्यातून काही निघत नाही. म्हणून लिहिते आहे.

गेरिटने मृत्युपत्र केलं नाही. माझा भाऊ कुणाला कुऱ्हाड उसनी दिली तरी दांड्यावर स्वतःचं नाव कोरून देत असे. पण घराचं दोन ओळींत लिहून ठेवणं काही त्याला जमलं नाही. वकील म्हणतो, बायको नाही, मूल नाही, आईवडील गेलेले, तेव्हा घर बहिणीकडे येतं. बहीण मी एकटीच.

मला ते घर नको. एक तर मला घर आहे. दुसरं, तुमचं तळघर ओलं आहे. मी ते तुझ्या नावावर करून देते. तू त्याच्यासोबत तिथे इतकी वर्षं काढलीस, तुला बाहेर काढायला मी काही राक्षसीण नाही. सही कुठे करायची तेवढं कळव.

दफनाच्या दिवशी तुला पाचव्या बाकावर बसवलं म्हणून कोणीतरी माझ्याकडे कुरकुर केली. तूच केली असतीस तर बरं झालं असतं. घरचे लोक शेवटी रांगेने आत येतात आणि पुढे बसतात, हे तुलाही माहीत आहे. रांग लावणाऱ्याने मला घरच्यांची नावं विचारली. मी घरच्यांची सांगितली.

तुझी हॅमच्या बनांची परात माझ्याकडे राहिली आहे.

मिना कोइकर


क्लोव्हर फोर्ड, आयोवा
१५ फेब्रुवारी

मिना,

तुमचं पत्र मिळालं. तुम्ही मनापासून देऊ करता आहात हे मला कळतं. पण घर मला तुमच्याकडून नको.

रागावू नका, पूर्ण वाचा. तुम्ही दिलंत तर ते गेरिटच्या बहिणीने त्याच्या ओळखीच्या बाईला दिलेलं घर होईल. मग लोक म्हणतील, मिना कोइकरचं मन मोठं. ते मोठं आहेच. पण मला त्या घरात त्याची बायको म्हणून राहायचं आहे. तसं होणार नसेल तर मी साउथ डाकोटात माझ्या भावाकडे जाईन आणि तुम्ही ते ओलं तळघर उपसत बसा.

मी वकील केला आहे. मिस ओडेगार्ड म्हणून आहेत, तरुण आहेत, बुटांना चिखल तसाच ठेवून ऑफिसात येतात. त्या म्हणतात, आयोवात लग्नाला परवाना असावाच लागतो असं नाही, पाद्रीही असावाच लागतो असं नाही. तसं लग्न कोर्टात सिद्ध करता आलं तर ते इतर लग्नांसारखंच लग्न. सिद्ध करायला माणसं लागतात. गेरिटच्या रक्ताचं माणूस असेल तर उत्तम. ते एकच आहे.

तुमची सही मला हवी आहे, पण तुम्ही म्हणता त्या कागदावर नाही. आम्ही नवरा-बायको होतो, एवढ्यावर.

परात राहू द्या.

आर्डिस


हॉलम
१९ फेब्रुवारी

आर्डिस,

तीन वेळा वाचलं. तिन्ही वेळा डोकं दुखलं.

घर फुकट मिळतंय तर नको, भांडून हवं! माझ्या भावाने तुला आणखी काय शिकवलं माहीत नाही, पण हा हट्ट त्याचाच आहे.

मी खोट्यावर सही करणार नाही. लग्न झालं असतं तर मी तिथे असते. केक मी केला असता. झालं नाही, कारण तुझा आधीचा नवरा जिवंत होता आणि तू त्याच्यापासून फारकत घेतलेली. आपल्या चर्चचे पंच अशा बाईचं लग्न लावत नसत. गेरिट त्यांच्यापुढे जाऊन उभा राहिला, समोर पंचांत आमचे वडीलच बसलेले. नाही म्हणाले. मग हा म्हणाला, "इथे नाही तर कुठेच नाही." अरे, कुठेच नाही कसं? जिल्ह्याचं कोर्ट गाडीने अर्ध्या तासावर! तिथला कारकूनही लग्न लावतो. मी त्याला तेव्हाच म्हटलं होतं. तर म्हणे, "मी गाईचा परवाना काढायला जात नाहीये." तेव्हा परवाना त्याला कमीपणाचा वाटला. आता परवाना नाही म्हणून तू माझ्याकडे आलीस.

आणि एक सांग. जानेवारीत हॉस्पिटलात नर्सने तुला विचारलं, "तुम्ही यांच्या कोण?" मी शेजारी उभी होते. तू स्वतःच्या तोंडाने "मैत्रीण" म्हणालीस. मी तुझ्या तोंडात घातला नाही तो शब्द.

माझं देणं तसंच उभं आहे. घर घे आणि हा विषय संपव.

मिना


क्लोव्हर फोर्ड
२७ फेब्रुवारी

मिना,

हो, मैत्रीण म्हणाले. तुम्ही पर्स छातीशी धरून उभ्या होतात. मी बायको म्हटलं असतं तर तुम्ही "छे" म्हणाला असतात, नर्सने दोघींकडे पाहिलं असतं, आणि पडद्यापलीकडे गेरिट ते सगळं ऐकत पडला असता. त्याला ते ऐकायला लागू नये म्हणून मी मैत्रीण झाले. त्यानंतर त्या लोकांनी मला आत सोडलं नाही. फक्त घरच्यांना, म्हणाले. तुम्हाला सोडलं. तो गेला तेव्हा मी कॉफीच्या मशीनजवळ बसले होते.

दुसरीही गोष्ट सांगून टाकते, कारण ती कोर्टात निघणारच. कराच्या कागदांवर गेरिट दर वर्षी स्वतःला अविवाहित लिहायचा. मिस ओडेगार्डने ते पाहिलं आणि कपाळावर हात मारला. तिला कसं सांगू? त्याचे कागद तुमचा हॅरल्ड भरत होता. तुमच्याच जेवणाच्या टेबलावर. बायको लिहा म्हटलं असतं तर हॅरल्डला रात्रीचं जेवण मिळालं नसतं. तुमच्या घरच्या शांततेपायी आम्ही कागदावर बिनलग्नाचे राहिलो.

कायद्याला तीन गोष्टी हव्यात. दोघांनी नवरा-बायको व्हायचं ठरवलेलं असलं पाहिजे. एकत्र राहिलेलं असलं पाहिजे. आणि चारचौघांत तसं सांगितलेलं असलं पाहिजे, लपूनछपून नाही. पहिल्या दोन्हींचं मी सांगू शकते. तिसरी मी सांगून उपयोग नाही. माझा फायदा आहे, म्हणून माझा शब्द हलका.

यात नदीही आली आहे. पहिली दोन वर्षं आम्ही पलीकडे, साउथ डाकोटात भाड्याने राहत होतो. तिथलं राज्य असं लग्न मानत नाही. इकडचं घर गेरिटने का घेतलं माहीत आहे? गोठ्याचं छप्पर शाबूत होतं म्हणून. पलीकडे एक होतं ते गळत होतं. ते गळत नसतं तर आज मला कोर्टाची पायरी चढण्यातही अर्थ नव्हता. एक पूल ओलांडला तर बायको, नाही ओलांडला तर कोणी नाही. हे मी मिस ओडेगार्डला दोनदा विचारलं. ती म्हणाली, हो, असंच आहे, माझ्यावर ओरडू नका.

कोर्टाला तारीखही हवी आहे. लग्न केव्हा झालं? मी काय सांगू? ज्या लग्नात केक नसतो त्याची तारीख कोण लक्षात ठेवतं?

आर्डिस


हॉलम
५ मार्च

आर्डिस,

हॅरल्ड मला कधी काही बोलला नाही. मरेपर्यंत बोलला नाही. आता त्याला विचारताही येत नाही. तुम्ही तिघं माझ्या टेबलावर बसून मला सांभाळून घेत होतात, हे मला पुरलेल्या नवऱ्याबद्दल पत्रातून कळतंय. छान.

सगळं माझ्याच माथी येतंय असं दिसतं. पंचांनी नाही म्हटलं ते माझ्यामुळे. कर माझ्यामुळे. हॉस्पिटल माझ्यामुळे. नदी तेवढी माझी नाही, आभारी आहे.

आणि चारचौघांत सांगायचं म्हणतेस? तुझं सोड, त्याने मला काय कमी छळलं? हार्डवेअरच्या दुकानात खिळे घेताना, "बायकोला जाड खिळे आवडत नाहीत." धान्याच्या कोठीवर ट्रक लावताना, "बायको वाट बघत असेल." आमच्या आईच्या दफनाला, पाद्र्याला हात देताना, सगळ्यांदेखत, "ही माझी बायको." आई जमिनीवर होती अजून! दर वेळी मला मध्ये पडून सांगावं लागायचं की नाही, तसं नाही. दर वेळी तो हसायचा. मला चिडवायलाच करायचा. गावातलं एक माणूस दाखव ज्याच्यासमोर त्याने मला खाली बघायला लावलं नाही.

आणि तुला तारीख माहीत नाही! मला माहीत आहे. ज्या दिवशी त्याने हे सुरू केलं तो दिवस मी विसरेन असं वाटतं का तुला?

बास. माझा हात दुखतोय.

मिना


क्लोव्हर फोर्ड
१० मार्च

मिना,

तुमचं पत्र वाचून मी उभी राहिले. मग खाली बसून पुन्हा वाचलं.

तुम्ही काय लिहिलंय ते तुमच्या लक्षात आलेलं नाही. कोर्टाला जे हवंय ते तेच आहे. दुकानात, कोठीवर, आईच्या दफनाला. तुम्हाला ते पटलं होतं का, हे कोणी विचारणार नाही. तो तसं म्हणत होता का, एवढंच विचारतील. आणि ज्या बाईला ते ऐकवत नव्हतं, तिच्याइतका चांगला साक्षीदार कोण?

मी हे पत्र मिस ओडेगार्डला दाखवलेलं नाही. दाखवणार नाही. तुम्ही ते रागाच्या भरात घरच्यासारखं लिहिलं आहे, कोर्टासाठी नाही. तुम्हाला समन्स पाठवू का, असं ती विचारत होती. नको म्हटलं. ती म्हणाली, मग आपण हरणार. मी म्हटलं, हरू.

सुनावणी सात एप्रिलला आहे, गुरुवारी, दहाला. तुम्ही या किंवा येऊ नका. आलात तर तुम्ही मला लिहिलंत तेवढंच सांगा. त्यात माझी बाजू घेण्याची गरज नाही. नका घेऊ. ती तुम्हाला शोभणारही नाही.

आर्डिस


हॉलम
२१ मार्च

आर्डिस,

म्हणजे खरं बोलले तर तुझं जे मी पंचवीस वर्षं नाकारलं ते मीच सिद्ध करायचं. आणि घरी बसले तर जे घर मला नको ते माझ्या गळ्यात, आणि तू भावाकडे, आणि गावात म्हणणार मिनाने तिला हाकललं. असा पेच मांडायला गेरिट जिवंत असावा लागत नाही, तू पुरेशी आहेस.

मी येणार नाही. गुडघे धरले आहेत. गुरुवारी आमच्या बायकांचं शिवणकाम असतं. शिवाय कोर्टात शपथ घ्यावी लागते, आणि शपथ घेऊन मी फक्त विचारलेलंच सांगेन असं नाही. आमच्या घरात खरं बोलायला बसलं की सगळं बोलतात. काही गोष्टी अशा आहेत की ज्या कोणी विचारल्या नाहीत तर बऱ्या.

मी वकिलाकडे जाऊन आले. घर तुला दिल्याचा कागद सही करून सोबत पाठवते आहे. झालं. आता कोर्टाचं कारण उरलं नाही. कळवून टाक त्यांना आणि एकदाचं शांत बस.

मिना


क्लोव्हर फोर्ड
२६ मार्च

मिना,

कागद परत पाठवते आहे. पाकिटात घडी मोडणार नाही अशी घातली आहे.

कोणत्या गोष्टी?

आर्डिस


हॉलम
९ एप्रिल

आर्डिस,

परवा कोर्टाच्या पायरीवर तू माझा हात धरलास आणि मी सोडवून घेतला. शेजारचा डी बूर गाडी सुरू ठेवून थांबला होता आणि त्याला पेट्रोल जळताना बघवत नाही. दुसरं काही कारण नव्हतं. थोडं होतं.

मी बोलत असताना तू मान खाली घालून बसली होतीस. किती ऐकलंस ठाऊक नाही. म्हणून लिहून देते. नंतर कोणी म्हणायला नको की मी असं नाही, तसं म्हटलं.

त्या न्यायाधीशबाई माझ्या मुलीच्या वयाच्या. चष्म्यावरून बघतात. म्हणाल्या, "तुमचे बंधू या बाईंना काय म्हणून ओळख करून देत?"

"बायको म्हणून."

"कोणासमोर?"

"उभ्या असलेल्या प्रत्येकासमोर."

"तुम्ही तेव्हा काय करत होता?"

"सुधारत होते."

"म्हणजे?"

"म्हणजे सांगत होते की ती बायको नाही."

"मग ते काय म्हणायचे?"

"पुन्हा बायको म्हणायचे."

मागे कोणीतरी हसलं. मला हसण्यासारखं काही दिसलं नाही. मग त्यांनी पहिली वेळ विचारली, आणि मी सांगितली. तुला ती आठवत नाही, याचं मला अजून नवल वाटतं. चार ऑक्टोबर एकोणीसशे सत्तर, रविवार. तुम्ही या काठावर येऊन महिना झाला होता. त्या दिवशी माझ्या हॅरल्डला पंच म्हणून नेमायचं होतं. मी नवा कोट शिवला होता. आणि गेरिट तुला घेऊन सरळ आमच्या घरच्या बाकावर येऊन बसला.

प्रवचनाचा पहिला मुद्दा सुरू झाला तशी आईने पेपरमिंटची पुडी काढली. न्यायाधीशबाईंनी थांबवलं. "प्रवचनात पेपरमिंट?" मी म्हटलं, बाईसाहेब, आमच्याकडे प्रवचनाला तीन मुद्दे असतात आणि दर मुद्द्याला एक गोळी. पुडी बाकाच्या टोकापासून हातोहात जाते. ती फक्त घरच्यांत फिरते. पाहुण्याला द्यायची तर प्रवचन संपल्यावर.

पुडी आईकडून माझ्याकडे आली, माझ्याकडून गेरिटकडे. तुझ्यापाशी न थांबता पलीकडे हॅरल्डच्या बहिणीला द्यायची, असं मी त्याला डोळ्यांनी सांगितलं. त्याने पुडीतून दोन गोळ्या काढल्या. पाद्री त्याच वेळी श्वास घ्यायला थांबला होता. सगळं चर्च गप्प. आणि हा आपल्या नेहमीच्या आवाजात म्हणाला, गोठ्यात बोलतात त्या आवाजात, "एक माझ्या बायकोला."

तीनशे माणसं वळली. पाद्र्याला पुढचं वाक्य सापडेना. माझ्या हॅरल्डच्या नेमणुकीचं त्या दिवशी कोणाच्या जेवणात नाव निघालं नाही.

"आणि यांनी काय केलं?" त्यांनी तुझ्याकडे बोट केलं.

मी म्हटलं, "गोळी घेतली. तोंडात टाकली. मोठ्याने म्हणाली, 'थँक यू, गेरिट.' लाजली नाही की काही नाही."

त्यांनी ते लिहून घेतलं. मला वाटलं संपलं. मी उठायला लागले, तर त्या म्हणाल्या, "शेवटचं त्यांनी तसं कधी म्हटलं?"

हेच मला नको होतं. तू विचारलंस, कोणत्या गोष्टी. ही.

मी म्हटलं, हॉस्पिटलात. शेवटच्या सकाळी. नर्स औषध द्यायला आली तेव्हा तिला म्हणाला, "माझी बायको बाहेर आहे, तिला आत बोलवा."

"मग?"

"मी नर्सला म्हटलं, त्याला बायको नाही."

"आणि नर्सने?"

"माझं ऐकलं."

त्यानंतर त्यांनी काही विचारलं नाही. मला विचारलं असतं तर बरं वाटलं असतं.

मी तुझी बाजू घेतली नाही. विचारलं तेवढं सांगितलं.

मिना


क्लोव्हर फोर्ड
२ मे

मिना,

उत्तराला वेळ लागला. तुम्ही समजला असाल.

मी सगळं ऐकलं होतं. मान खाली होती, कान नव्हते.

पहिले काही दिवस मी तुमच्यावर इतकी चिडले होते की तुमचं पाकीट स्वयंपाकघरातून उचलून गोठ्यात नेऊन ठेवलं. त्याने बोलावलं होतं, आणि मी दाराच्या या बाजूला होते. एवढंसं दार. हे मी विसरणार नाही, आणि ठीक आहे असंही म्हणणार नाही. पण तुम्ही त्या दिवशी शिवणकामाला गेला असतात तर त्याने बोलावलं होतं हे मला कधी कळलंच नसतं. मी समजून चालले होते की मी मैत्रीण म्हणाले ते त्याने पडद्यापलीकडून ऐकलं आणि ते ऐकूनच तो गेला. तेवढं एक माझ्या छातीवरून उतरलं. दोन्ही खरं आहे. कोणतं जास्त, ते मला अजून ठरवता येत नाही.

निकाल आला. चार ऑक्टोबर एकोणीसशे सत्तरपासून आयोवा राज्यात मी गेरिट विलेंगाची बायको होते. न्यायाधीशबाईंनी लिहिलंय की मृताच्या बहिणीची साक्ष विशेष विश्वासार्ह वाटते, कारण ती देताना त्यांना स्पष्टपणे त्रास होत होता. मिस ओडेगार्ड ते वाचून हसली. मी नाही हसले. मी म्हटलं, तो त्रास मला परिचयाचा आहे.

घर माझं झालं. त्याने काही वेगळं वाटत नाही. तळघर ओलंच आहे.

आता एकच राहिलं होतं, तेही बहुतेक होणार नाही. दफनभूमीत तुमच्या आईवडिलांशेजारी गेरिटचा दगड आहे, त्यावर एक बाजू कोरी आहे. तिथे "पत्नी आर्डिस" कोरावं, मी गेल्यावर मला तिथे ठेवावं, असं मी चर्चला विचारलं. जमीन चर्चची आहे. पंचांकडून निरोप आला. नाव कोरा, जागाही देऊ, पण "पत्नी" नको. राज्याने मानलं ते राज्याचं. चर्चने लग्न लावलेलं नाही.

मी हो म्हणून कळवणार आहे. नुसतं नाव. थकले, मिना. चार महिन्यांत किती ठिकाणी जाऊन तेच तेच सांगायचं?

आर्डिस


हॉलम
१४ मे

आर्डिस,

हो म्हणून कळवलं असशील तर ताबडतोब नाही म्हणून कळव. नसशील तर स्वस्थ बस.

तुझं पत्र मिळाल्यावर मी पंचांच्या बैठकीला गेले. बोलावलेलं नव्हतं. बायका तिथे फक्त कॉफी घेऊन जातात, म्हणून मी कॉफी घेऊन गेले आणि किटली टेबलावर ठेवून खुर्ची ओढली. पाच जण बसले होते. डी बूर मुख्य. तोच, ज्याला पेट्रोल जळताना बघवत नाही.

म्हणाला, "मिना, तू यात कशाला? तूच तर इतकी वर्षं म्हणत होतीस की ती त्याची बायको नाही."

मी म्हटलं, "म्हणत होते. आणि तुम्ही सगळे मान हलवत होतात. आता मी देवाचं नाव घेऊन, हात वर करून, कोर्टात सांगून आले आहे की त्याने तिला या चर्चच्या बाकावर, तुमच्या डोळ्यांदेखत बायको म्हटलं. यान, तू मागच्या रांगेत होतास. तुला खोकला आला होता. आला होता की नाही?"

यान टिमर म्हणाला, आला होता.

"मग तुमच्यापैकी कोणी उठून नाही म्हटलं का? मी म्हटलं. चर्चबाहेर, तुमच्यातल्या प्रत्येकाला गाठून. तुम्ही कोणी म्हटलं? त्यानंतर ती या चर्चच्या प्रत्येक दफनाला बन करून देत आली. तुम्ही खाल्ले. परात परत नेताना 'मिसेस विलेंगाची परात' म्हणालात. मीच एकटी आर्डिसची म्हणायची."

डी बूर म्हणाला, "ते बोलण्यातलं झालं. राज्याचा कायदा वेगळा, चर्चचा वेगळा."

मी म्हटलं, "असू दे वेगळा. शपथ तर एकच आहे ना? ती बायको नव्हती असं तुम्ही दगडावर ठरवलंत, तर मी खोटी साक्ष दिली असं होतं. खोटी साक्ष देणाऱ्या बाईला प्रभूच्या मेजाशी भाकरी घ्यायला बसवता येत नाही, हे हॅरल्डने याच खोलीत मला वाचून दाखवलं होतं. तेव्हा एकतर तिला पत्नी लिहा, नाहीतर मला चर्चमधून काढा. लेखी काढा. मी वाचून बघेन शुद्धलेखन."

कोणी कॉफी ओतून घेतली नाही. मी त्यांच्यासमोर बसून एक कप प्यायले. मग एक जण म्हणाला, फारकतीचा नियम तर आता पंधरा वर्षांपूर्वीच बदलला आहे, आज ते दोघं आले असते तर आपणच लग्न लावलं असतं. मी म्हटलं, "हे तुम्हाला आत्ता आठवलं?" माझा आवाज चढला होता. खाली तरुण मंडळी गाणं म्हणत होती, ती थांबली असं नंतर कळलं.

त्यांनी मत घेतलं. डी बूरने हात वर केला नाही. बाकीच्यांनी केला.

दगड कोरणाऱ्याला मी भेटून आले. स्मरणदिनाआधी काम होईल, म्हणजे लोक फुलं घेऊन येतील तेव्हा सगळ्यांना वाचता येईल. डी बूरलाही. "पत्नी आर्डिस" एवढंच आहे. त्याने विचारलं, "प्रिय" घालायचं का? मी म्हटलं, ते मला विचारू नकोस, मला त्याची माहिती नाही, तिला विचार. तेव्हा तो तुला फोन करेल. उत्तर दे.

लग्नाची तारीख घालायची का, असंही त्याने विचारलं. ती मात्र मला माहीत होती. सांगितली.

मला अजून पटलेलं नाही, हे लक्षात ठेव. तो तुला कोर्टात घेऊन गेला असता तर आपलं सगळ्यांचं आयुष्य सोपं झालं असतं, आणि हे मी त्याच्या दगडासमोर उभी राहूनही त्याला सांगणार आहे. पण तो जे म्हणत होता ते खरं होतं. पटणं वेगळं.

दगड कोरून होईल त्या दिवशी दहाला कॉफी माझ्याकडे घे, मग बरोबर जाऊ. दफनभूमीत सध्या चिखल आहे. ते तुझे पांढरे बूट घालून येऊ नकोस.

मिना